उलटा मासा, वाळकं झाड

३ मार्च, सोमवार

ही वही हिने आणून दिली. म्हणाली, "दिवसभरात जे जे होतं ते रोज मलाच ऐकवता. पंचेचाळीस वर्षं ऐकलं. आता थोडं हिला ऐकवा." हिला म्हणजे वहीला. तर वहीबाई, ऐका.

मी होड्या रंगवतो. वय एकाहत्तर. शाळा दुसरीतच सुटली. अक्षरं शिकलो ती होड्यांवर. मालक कागदावर होडीचं नाव लिहून द्यायचा आणि मी ते चित्र समजून तसंच्या तसं फळीवर उतरवायचो. अशी पाऊणशे नावं काढल्यावर एक दिवस लक्षात आलं, अरे, आपण वाचतोय. त्यामुळे माझं अक्षर अजून होडीच्या मापाचं येतं. एका पानावर आठ ओळी. ही म्हणते, या हिशेबानं तुमचं एक शिंकणं दोन पानं खाईल.

काम असं. होडी दोर लावून खालच्या उतारावर ओढून घ्यायची. बुडाला चिकटलेली कवचं आणि जुना रंग पटाशीनं खरवडायचा. मग वर शेडपाशी ओढायची आणि तांबडा रंग दोनदा द्यायचा. बुडाचा रंग भिंतीच्या रंगासारखा भोळा नसतो. त्यात जहाल औषध असतं, म्हणून पाण्यातलं काही बुडाला चिकटायला धजत नाही.

आणि एक गोष्ट स्वतःच्या तोंडानं सांगतो, कारण वही काही चारचौघांत बोलणार नाही. सगळ्या किनाऱ्यावर माझ्या उताराइतका स्वच्छ उतार नाही. युक्ती सोपी आहे. भरतीच्या आधी दोन तास खरवडायला बसायचं. काम संपतं आणि पाणी चढतं. भुकटी, कवचं, जुन्या रंगाचे पापुद्रे, सगळं समुद्र झाडून नेतो. बिनपगारी झाडूवाला. ही युक्ती मी चार रंगाऱ्यांना शिकवली, तेही आता तसंच करतात.

संध्याकाळी धाकटी आली. माझी बहीण. पलीकडच्या गल्लीत एकटी राहते. ओहोटीला उताराखालचा चिखल उघडा पडतो, तिथे ती आणि आणखी सहा बायका शिंपल्या काढतात. जाताना टोपली खाली ठेवून माझ्या पालथ्या होडीवर बसायचं, चहा प्यायचा आणि मला चार टोमणे मारायचे, हा तिचा नेम. आज म्हणाली, "दादा, वही कशाला? तुझ्या गोष्टी तर मला पाठ आहेत."

६ मार्च, गुरुवार

शेडच्या दाराला नवा रंग दिला आणि वर एक चित्र काढलं. बुडाच्या रंगाच्या प्रत्येक डब्यावर एक छोटं चित्र असतं. एक मासा उलटा पडलाय आणि शेजारी एक वाळकं झाड. कंपनीची खूण असावी. इतकी वर्षं बघतोय, म्हटलं आपल्या धंद्याचीही हीच खूण करू. हातभर मोठं काढलं. माशाचे खवले माझ्या पदरचे, मूळ चित्रात नाहीत.

ही बघायला आली. म्हणाली मासा आजारी दिसतो. म्हटलं, पोहता पोहता पाठीवर लोळतोय. तर म्हणे, तुमच्यासारखा, जेवण झाल्यावर.

धाकटीची टोपली आज अर्धीच होती.

११ मार्च, मंगळवार

धाकटीनं टोपली माझ्यापुढे पालथी केली. निम्म्या शिंपल्या तोंड वासून पडलेल्या, आत काही नाही. ज्या जिवंत होत्या त्यांचं कवच बोटानं दाबलं तर मोडत होतं. ती रिकामी कवचं वेगळी काढत राहिली. आज टोमणा एकही नाही, म्हणून मला ते जास्त लागलं.

आई-वडील गेले तेव्हा मी सोळाचा, ती सहाची. नवरा गेल्यावर तिचं सगळं त्या चिखलावरच चाललंय. मुलगा दूर शहरात असतो. माझ्याकडे ये, ये म्हणून मागे लागतो. ती म्हणते, तिथे जिन्याच्या पायऱ्या मोजत बसू का? पण शिंपल्याच राहिल्या नाहीत तर कोणत्या तोंडानं नाही म्हणेल?

मी ठरवलंय, या चोराला शोधून काढायचंच. संशय तिघांवर आहे. वरच्या अंगाचा कारखाना, नगरपालिकेचा नाला, आणि सुट्टीला येऊन बाटल्या टाकणारे लोक.

१४ मार्च, शुक्रवार

सकाळी खाडीच्या कडेनं कारखान्यापर्यंत चालत गेलो. गुडघ्यांनी वाटेत दोनदा राजीनामा दिला. फाटकावरचा रखवालदार भला माणूस. मी विचारलं, तुमचं पाणी कुठे जातं? तो म्हणाला, मी फाटक उघडतो आणि लावतो, पाण्याचं मला विचारू नका. मग त्यानंच मला पाणी पाजलं. परत आलो.

नाल्याचंही बघितलं. वास आहे, पण नाला तर माझ्या लहानपणापासून आहे.

दुपारी भरतीआधी दोन होड्या खरवडल्या. वारा चांगला होता. पाणी आलं आणि उतार आरशासारखा करून गेलं. एवढं तरी एक काम नीट झालं.

१९ मार्च, बुधवार

आज धाकटी कामाच्या वेळी उतारावर आली. कित्येक वर्षांत आली नव्हती. मला बरं वाटलं. मी होडीखाली उताणा पडून खरवडत होतो, ती शेजारी उकिडवी बसली आणि एकेक विचारत गेली. रोज भरतीच्या आधीच खरवडतोस का? मोसमात किती होड्या होतात? मागच्या दोन वर्षांत जास्त झाल्या का? मी सगळं हौसेनं सांगितलं. हो, जास्त झाल्या, पलीकडच्या किनाऱ्याचे लोकही आता माझ्याकडेच येतात. भरतीची युक्तीही पुन्हा सांगितली.

तिनं खालून चिमूटभर तांबडी भुकटी उचलली आणि तळहातावर घेऊन बराच वेळ बघत बसली. मग उठून शेडपाशी गेली आणि दारावरचं चित्र बघितलं. म्हटलं, कसं जमलंय? म्हणाली, "खवले छान काढलेस." आणि चहा न घेता गेली.

मला कारण माहीत आहे. गेल्या आठवड्यात मी तिची जुनी टोपली मागून आणली आणि तिची मूठ मोडली. ती अजून दिली नाही. टोपलीच्या बाबतीत धाकटी फार मनाला लावून घेते.

२३ मार्च, रविवार

मूठ वेतानं नवी वळून टोपली तिच्या घरी घेऊन गेलो. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. म्हणाली, ठेव तिथे. मग म्हणाली, "दादा, मी जाते लेकाकडे. तीस एप्रिलच्या गाडीनं."

मी विचारलं किती दिवसांसाठी. तिनं घडी मोडली आणि पुन्हा घातली. म्हणाली गुडघे दुखतात, चिखलात आता वाकवत नाही.

मी म्हटलं टोपली दुरुस्त केली आहे. तर ती हसली, आणि हसता हसता पदर तोंडाला लावून आत गेली. मूठ मला चांगली जमली नसावी.

घरी येऊन हिला सांगितलं. ही म्हणाली, "गुडघ्यासाठी कोणी गाव सोडत नाही. दुसरं काही तरी आहे. तुम्ही नीट विचारलंत का?" नीट म्हणजे कसं, ते तिनं सांगितलं नाही.

२ एप्रिल, बुधवार

आज अक्षर होडीपेक्षाही मोठं येईल.

शाळेतल्या विज्ञानाच्या बाई मुलांना किनारा दाखवायला घेऊन आल्या. शेडपाशी थांबल्या, दाराकडे बघितलं आणि थेट मला नमस्कार केला. म्हणाल्या, "काका, हे तुम्ही काढलंत? फार चांगलं केलंत. इतकी काळजी इथे कोणी घेत नाही."

मी फुगलो. खवले माझे आहेत म्हटलं. झाड जरा काळं झालंय, एवढंच.

"काळंच हवं. इशारा आहे ना तो."

"कसला इशारा?"

बाईंना वाटलं, मी मुलांची परीक्षा घेतोय. त्या मुलांकडे वळल्या, सांगा पाहू काकांना. आणि तीस मुलं एका सुरात ओरडली, "हे पाण्यात गेलं तर मासे मरतात आणि झाडं वाळतात!"

मी हसलो. शाबास म्हणालो. मुलं गेली. मग शेडमध्ये जाऊन एक डबा घेतला आणि बाहेर उन्हात आणून बघत बसलो. मासा उलटा. अर्थात उलटा. मेलेला मासा उलटाच तरंगतो. मी समुद्राकाठी जन्मलेला माणूस. एवढे मेलेले मासे बघितले आणि डब्यावरचा एक ओळखता आला नाही. चित्राखाली बारीक अक्षरांत मजकूरही आहे. एवढं बारीक मी कधी वाचायला गेलोच नाही. मला मोठी अक्षरं येतात ना.

कारखान्यापर्यंत चालत गेलो होतो चोर शोधायला. काखेत कळसा म्हणतात तो असा.

३ एप्रिल, गुरुवार

होडी लागली होती. खरवडली नाही. डोकं दुखतंय म्हणून सांगितलं.

५ एप्रिल, शनिवार

आज धाकटीकडे गेलो आणि नीट विचारलं. म्हणजे तिच्यासमोर जमिनीवर बसलो आणि म्हटलं, तुला कधी कळलं?

ती आधी म्हणाली, काय? मी म्हटलं, शिंपल्यांचं. मग म्हणाली, "उताराजवळच्या आधी मेल्या. लांबच्या नंतर. मी रोज वाकून तेच तर बघते, दादा."

"मग मला का नाही बोललीस?"

"काय बोलू?" तिनं माझा हात हातात घेतला आणि नखं दाखवली. सत्तावन्न वर्षांत नखातला तांबडा रंग कधी पुरता निघाला नाही. "याच हातानं मला भरवायचास. याच कामावर मला वाढवलंस, माझं लग्न लावलंस. तुला मी सांगू, की हे विष आहे?"

म्हणून ती गाव सोडून निघाली होती. मला कळू नये म्हणून.

मग मी म्हटलं, म्हणजे गुडघ्याचं ढोंग होतं. तर म्हणाली, "गुडघे खरंच दुखतात. तेवढं एकच खरं सांगितलं होतं."

घरी येऊन हिच्यासमोर बसून रडलो. वहीपासून काय लपवायचं? म्हटलं, अख्खी खाडी मी मारली. ही थोडा वेळ पाठीवरून हात फिरवत राहिली आणि मग म्हणाली, "एवढी मोठी खाडी एकट्यानं मारलीत? बघा हं, हाही गर्वच झाला. माझ्या साबणाचं पाणी कुठे जातं? होड्यांचं तेल कुठे जातं? सगळ्यांनी मिळून मारली. तुमचा वाटा तुम्ही उचला, बाकीच्यांचा त्यांना उचलू द्या."

पंचेचाळीस वर्षं मी बोलतोय आणि ही ऐकतेय, असं मला वाटत होतं. ती साठवत होती.

९ एप्रिल, बुधवार

विज्ञानाच्या बाईंना भेटलो. सगळं कबूल केलं, चित्राचंसुद्धा. त्या हसल्या नाहीत, यासाठी त्यांना शंभर वर्षं आयुष्य मिळो. म्हणाल्या, एकाच गोष्टीनं होत नाही काका, सगळ्यांचंच थोडं थोडं असतं. पण रंग खरवडायचाच असेल तर पाण्यापासून लांब, वर. खाली ताडपत्री. भुकटी ओली करून गोळा करायची आणि झाकणाच्या डब्यात भरायची. नगरपालिकेची वेगळी गाडी महिन्यातून एकदा असा कचरा नेते, अर्ज त्या लिहून देतील.

ऐकायला सोपं. पण न खरवडलेली ओली होडी म्हणजे हत्ती. खालच्या उतारापर्यंत दोघं ओढतात, वर शेडपर्यंत न्यायला आठ माणसं लागतील. म्हणून संध्याकाळी सगळ्या होडीमालकांना बोलावलं आणि सांगितलं, यापुढे मी खाली खरवडणार नाही. वर खरवडीन. पण होडी वर चढवायला सगळ्यांनी यायचं, ज्याची असेल त्याची.

लांबट सगळ्यात आधी उठला. लांबट माझा दुसरीपर्यंतचा बाकावरचा सोबती. तेव्हा तो माझ्याएवढाच होता, पुढे वाढतच गेला. दोन होड्या आहेत त्याच्या. म्हणाला, "वरचा कारखाना पिंपंच्या पिंपं सोडत असेल आणि तू चिमूटभर भुकटी वेचत बसणार? समुद्राला कळणार तरी आहे का?"

मी म्हटलं, "कारखान्याच्या फाटकापर्यंत जाऊन आलो. तो माझं ऐकत नाही. मी माझं ऐकतो, म्हणून इथून सुरुवात."

कोणी हो म्हणालं नाही. नाहीही म्हणालं नाही. लांबट म्हणाला मी पलीकडच्या रंगाऱ्याकडे जातो. त्या रंगाऱ्यालाही खाली खरवडायची युक्ती मीच शिकवली आहे. म्हणजे माझं पाप होडीत बसून पलीकडे जाणार.

१२ एप्रिल, शनिवार

फजिती लिहायलाही हिंमत लागते.

फक्त चौघे आले. तरी दोर, ओंडके आणि शिव्या यांच्या जोरावर एक लहान होडी वर चढवली. ताडपत्री अंथरली, चार कोपऱ्यांवर चार दगड. सकाळभर खरवडलं. तांबड्या भुकटीचा सडा पडला. आता गोळा करायची, तर भुकटी ओली करायचं मी साफ विसरलो, आणि तेवढ्यात वारा फिरला. ताडपत्री पोटात हवा भरून उठली, दगड गडगडत गेले, आणि एवढी मेहनत करून जमवलेली सगळी भुकटी ढग होऊन थेट पाण्यावर. खाली खरवडलं असतं तरी इतकी झटक्यात गेली नसती.

लांबट कठड्यावर बसून मजा बघत होता. ताडपत्री उडाली ती आधी त्याच्या तोंडावर बसली. सोडवला तेव्हा डोक्यापासून छातीपर्यंत तांबडा. नुसते दात पांढरे. बाकीचे पोट धरधरून हसले. मला हसता आलं नाही.

खाली चिखलात बायका होत्या. धाकटी कंबरेवर हात ठेवून वर बघत होती. पाण्यावरचा तांबडा तवंग तिच्याच दिशेनं चालला होता.

कशाला या वयात हे उपद्व्याप? तीस तारखेला ती जाणार. मग चिखल कोणासाठी राखायचा?

१५ एप्रिल, मंगळवार

सकाळी शेडवर गेलो तर दारात बायका बसलेल्या. सातजणी. मध्ये माझी ताडपत्री आणि धाकटीच्या हातात दाभण.

ताडपत्रीच्या चारी कडा दुमडून त्या शिवत होत्या. कडेला लांब पिशवी तयार होत होती आणि तिच्यात ओली वाळू भरायची. आम्ही वाऱ्यात टोपल्यांवर फडकं घालतो ते असंच घालतो, धाकटी म्हणाली, चार कोपऱ्यांना चार दगड ठेवतो का? मी म्हटलं, आधी सांगायचं. तर म्हणाली, "आधी विचारायचंस. आम्ही वीस पावलांवर तर असतो."

वीस पावलांवर. मी वर खरवडतोय, त्या खाली वेचतायत. इतकी वर्षं झाली, आणि एकमेकांना चहा दिला, कामाचं काही कधी विचारलं नाही.

दुपारी लांबट आला. तोंड सुजलेलं, डोळे लाल. तीन दिवस चेहरा चरचरत होता म्हणे, दोनदा डॉक्टरकडे जाऊन आला. मला वाटलं भांडायला आलाय. पण त्यानं विचारलं, "एवढं जहाल असतं हे?"

धाकटी दाभणातला दोरा दातानं तोडत म्हणाली, "शिंपल्यांना विचारा. त्यांना डॉक्टर नाही."

लांबट खाली बसला. इतका उंच माणूस खाली बसायला वेळ लागतो. मग ताडपत्रीचा एक कोपरा ओढून मांडीवर घेतला आणि म्हणाला, आणखी एक दाभण आहे का?

२२ एप्रिल, मंगळवार

तिसरी होडी झाली. वाळूच्या कडेची ताडपत्री ढिम्म हलत नाही. झारीनं पाणी शिंपडत खरवडतो, भुकटीचा चिखल होतो, तो सुपलीनं भरतो. जुनेच रंगाचे डबे, त्यांच्यावर तोच उलटा मासा. आता मला तो रोज ओळख देतो. पलीकडच्या रंगाऱ्याकडे लांबट स्वतः जाऊन आला, तोंड दाखवायला. तो येत्या सोमवारी ताडपत्री बघायला येणार आहे.

एवढं सगळं सुरळीत आहे असं नाही. दोन मालक अजून येत नाहीत. परवा एकानं आपली होडी भल्या पहाटे स्वतःच खाली खरवडून टाकली आणि वर मलाच म्हणाला, पाणीच आलं काका, काय करू. होडी ओढताना सगळे हुकूम सोडतात, दोर ओढतात तिघंच. तरी ओढली जाते. गाव करी ते राव न करी, पण गाव कामाला लागेपर्यंत रावाचा घसा बसतो.

म्हणून पाळ्या लावल्या. दाराच्या आतल्या बाजूला मोठ्या अक्षरात लिहिल्या, होडीवर नाव काढतो तशा. प्रत्येक होडीला ताडपत्रीचे चार कोपरे. एक मालकाचा, एक दुसऱ्या कोणा मालकाचा, एक माझा, एक शिंपलीवालीचा. बायकांची सहा नावं लिहिली. सातवीची जागा रिकामी ठेवली. तिथे रंग लावायलाही हात उचलेना.

बाहेरच्या बाजूचं चित्र खरवडून टाकायला निघालो होतो. धाकटीनं पटाशी काढून घेतली. म्हणाली, "राहू दे. नाही तर तू विसरशील आणि पुन्हा माशाला लोळवशील."

म्हणजे हिनं तिला तेही सांगितलंय.

२९ एप्रिल, मंगळवार

उद्या सकाळी दहाची गाडी. दिवसभर धाकटीकडे होतो. ही तिची पिशवी भरत होती आणि मी मध्ये मध्ये करत होतो. तिनं टोपली मला दिली, नव्या मुठीची. म्हणाली, वापर कशाला तरी. मी म्हटलं चिखलाचं आता बरं होईल, बाईंनी सांगितलंय. किती दिवसात, तिनं विचारलं. मी खरं सांगितलं, दोन वर्षं, तीन वर्षं, बाईंनाही नक्की माहीत नाही. ती म्हणाली, "मग कधी आलेच तर बघेन."

यापुढे तिला थांब म्हणायचा हक्क मला नाही. कारण तिला जायला मीच लावलं, न कळत का होईना. हिला हे सांगितलं. ही म्हणाली, हक्क नसेल, पण तोंड तर आहे ना? पण धाकटीला मी थांब म्हटलं नाही.

३० एप्रिल, बुधवार

सकाळी सात वाजता लांबटाची मोठी होडी वर घ्यायची होती. जायच्या दिवशी काम कशाला, असं मलाही वाटलं, पण पाळ्या आधीच ठरल्या होत्या. लांबटाचा कोपरा, त्याच्या शेजाऱ्याचा, माझा. चौथ्यावर जिची पाळी होती तिच्या घरी कोणी तरी आजारी, तिनं निरोप पाठवला. म्हटलं, तीन कोपऱ्यांवर भागवू.

ताडपत्री पसरतोय तोच धाकटी आली. अंगावर प्रवासाची चांगली साडी, हातात पिशवी. पिशवी पालथ्या होडीवर ठेवली, पदर खोचला आणि चौथा कोपरा धरला. म्हणाली, गाडीला वेळ आहे. लांबट म्हणाला, ताई, साडी खराब होईल. ती म्हणाली, तुझं तोंड झालं होतं त्यापेक्षा बरीच दिसेल.

होडी जड. साडेआठ झाले. नऊ झाले. खरवडायला सुरुवात केली. मी मध्ये दोनदा म्हटलं, नीघ आता. एकदा म्हणाली, ही कड सुटलीये. दुसऱ्यांदा म्हणाली, तू पाणी कमी शिंपडतोस. दहाला रस्त्यावर गाडीचा भोंगा वाजला. आम्ही सगळे हात थांबवून तिच्याकडे बघायला लागलो. ती सुपलीनं तांबडा चिखल भरत होती. गाडी निघाल्याचा आवाज आला, वळणावर गेला, थांबला.

"गेली वाटतं," धाकटी म्हणाली.

"उद्याही असते," लांबट म्हणाला. त्याला अक्कल पहिल्यापासून बेतासबात.

"उद्या तुझी दुसरी होडी आहे ना?" ती म्हणाली. "दादाच्या भरवशावर सोडून जाऊ? हा ताडपत्रीची घडीसुद्धा उलटी घालतो." मग माझ्याकडे बघितलं. "आणि दारावर माझं नाव का नाही रे? सहा बायकांची आहेत. जागा ठेवलीस आणि नाव नाही, असं कधी असतं का?"

मी शेडमध्ये गेलो. पांढरा रंग, बारीक कुंचला. सत्तावन्न वर्षांत पुष्कळ नावं काढली, इतकं वाकडं एकही आलं नाही. ती दारात उभी राहून बघत होती. तिला वाचता येत नाही. तरी म्हणाली, "वाकडं आलंय." म्हटलं, हो. म्हणाली, राहू दे, मीही सरळ कुठे आहे.

घरी येऊन बघतो तर पिशवी आमच्याकडे पोचलेली आणि हिनं ती कोणाला न विचारता रिकामी करून कपडे दोरीवर टाकलेले. धाकटीनं मुलाला निरोप पाठवला. गुडघे बरे आहेत.

ही वही संपत आली. हिला सांगितलं, दुसरी आण, दोन-तीन वर्षांचं काम आहे. म्हणाली, अक्षर लहान काढायला शिका. शिकेन. डब्यावरचं बारीक वाचायला शिकतोच आहे.

चारच्या सुमारास उतारावर जाऊन बसलो होतो. धाकटी शेजारी, चहा घेऊन. भरती आली. नेहमीसारखी वर चढली, सगळ्या उतारावर फिरली, न्यायला काही सापडलं नाही. रिकाम्या हातानं परत गेली.